पुस्तक मोकळं होण्याचं वर्ष

जळगावच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायला लागले, त्याच वर्षी माझी नव्या पेठेतल्या एका पुस्तकविक्रेत्याशी ओळख झाली. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले. घरात मारवाडी, दुकानात मराठी आणि खेड्यावरून आलेल्या पोरांशी अहिराणी, असं ते दिवसभर भाषा बदलत बोलायचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. दुकान चालायचं शाळेच्या पुस्तकांवर आणि गाइडांवर. मागच्या खोलीत पायानं चालवायचं छपाईचं मशीन होतं, त्यावर ते स्वतःची गाइडं छापत. अर्थशास्त्राच्या गाइडाची प्रुफं मी तपासून द्यायची आणि त्याबदली दुकानातलं कुठलंही पुस्तक घरी नेऊन वाचायची.

एकदा त्यांनी कपाटातून एक जुनं पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. कव्हर गेलेलं, पानं तपकिरी पडलेली.

"वाचून बघा मॅडम. लोक आजही वाचतील का, एवढंच सांगा."

लेखक धुळ्याच्या शाळेत मास्तर होता. दर सुट्टीत तो सातपुड्यात पायी भटकायचा आणि त्या भटकंतीचं त्यानं पुस्तक केलं होतं. मी ते एका बैठकीत संपवलं. त्यातलं तापीच्या होडीचं प्रकरण वाचताना तर मी एकटीच खोखो हसत होते. मास्तरनं एका फेरीला सहा वर्षांच्या मुलीला बरोबर नेलेलं. तापीवर पोचल्यावर ती नदीचं पाणी बघून असं भोकाड पसरते की पलीकडच्या काठावरचे बैल दावणी तोडतात. काही केल्या होडीत बसेना, तेव्हा मास्तर तिला नावाड्याच्या झोपडीत ठेवून एकटाच पलीकडे जातो. तीन-चार दिवसांनी परत येतो, तर ती धावत येऊन त्याच्या गळ्याला बिलगते.

सुट्टीत भडगावला घरी गेल्यावर मी वडिलांना हे सांगायला लागले, तर त्यांनीच पुढची वाक्यं म्हणून दाखवली. त्यांच्या लहानपणी हा धडा शाळेच्या पुस्तकात होता म्हणे. मूळ पुस्तक मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मी भाऊंना म्हटलं, "वाचतील. छापाच."

"आत्ता नाही. माणूस गेल्यावर पन्नास वर्षं हक्क वारसांकडे राहतो. ती वर्षं भरायला अजून थोडा अवकाश आहे. मग पुस्तक मोकळं."

गुरं मोकळी सोडतात, रस्ता मोकळा होतो. पुस्तक मोकळं होतं हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"पण वारसांना विचारून आजच का नाही छापत?"

"कुठे शोधू वारस? सापडले, तर चार घरं आणि चार तोंडं. तीन हो म्हणतील, एक अडून बसेल. चार चकरा मारण्यापेक्षा थांबणं स्वस्त पडतं."

ही थांबण्याची गोष्ट माझ्या डोक्यात बसली. आम्ही वर्गात मक्तेदारी शिकवायचो ती साखर कारखान्यांची नाहीतर सिमेंटची. मी विद्यार्थ्यांना विचारलं, पुस्तकाची मक्तेदारी किती वर्षं असावी? एक म्हणाला, अजिबात नको, ज्ञान सगळ्यांचं असतं. शेजारच्यानं विचारलं, मग लिहील कोण? कुणी म्हणालं वीस वर्षं, कुणी लेखक जिवंत असेपर्यंत. मी फळ्यावर गणित मांडलं. दहा टक्के व्याज धरलं, तर पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत एक पैसासुद्धा भरत नाही. मग मेल्यावर पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या पैशासाठी लेखक आज एक ओळ तरी जास्त लिहील का? मला माझं गणित फार आवडलं होतं. मी ते भाऊंनाही सांगितलं.

त्या दिवसांत भाऊ वैतागलेले होते. धुळ्याच्या एका माणसानं त्यांचं दहावीचं गाइड जसंच्या तसं उचलून छापलं होतं, छपाईच्या चुकांसकट.

"भाऊ, तुमच्या गाइडावर तुमचा हक्क किती वर्षं असावा?"

त्यांनी खरोखर विचार केला. "अभ्यासक्रम बदलेपर्यंत. पुढे फुकट वाटलं तरी कोण नेतो?"

वर्ष भरत आलं. दिवाळीनंतर भाऊंनी कागद आणला आणि खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला सुरुवात केली. शिशाची जुळवलेली पानं एकेक करून सुतळीनं बांधून फळीवर रचली जात होती. छापायचं मात्र एक जानेवारीनंतरच, यावर ते ठाम होते. गाइडच्या चोरानं पोळलेला माणूस, एक दिवससुद्धा आधी मशीन लावायला तयार नव्हता.

आणि वर्ष संपायला काही दिवस राहिले असताना पेपरात बातमी आली. सरकारनं मुदत दहा वर्षांनी वाढवली. पन्नासाची साठ. दूरच्या एका प्रांतातल्या कुणा थोर साहित्यिकाची पुस्तकं त्याच महिन्यात मोकळी होणार होती, ती होऊ नयेत म्हणून ही धावपळ झाली, असं पेपर म्हणत होता. आमचा मास्तर नेमका त्या साहित्यिकाच्याच साली वारलेला. थोर माणसाच्या गाडीला त्याचाही डबा जोडला गेला.

मी दुकानात गेले तेव्हा भाऊ फळीवरच्या शिशाकडे बघत उभे होते.

"दहा वर्षं हे असंच ठेवू? माझे सगळे खिळे यात अडकलेत. गाइडं कशानं छापू?"

"मोडून टाका मग."

"मोडतो. पण आधी धुळ्याला जाऊन येऊ. इतके दिवस वारस शोधायचं टाळलं. आता दहा वर्षं थांबण्यापेक्षा चकरा परवडल्या. तुम्ही चला बरोबर. बाईमाणूस असलं की लोक घरात घेतात."

शोधायला आम्हाला वाटलं होतं तेवढे कष्ट पडले नाहीत. मास्तरच्या शाळेत गेलो, तिथून एका निवृत्त शिक्षकांकडे, आणि त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं की मुलगा कधीच वारला, त्याचा मुलगा पाचोऱ्याला असतो, आणि मुलगी इथंच, पलीकडच्या गल्लीत शिवणक्लास चालवते. सगळे तिला अक्का म्हणतात.

म्हणजे होडीच्या प्रकरणातली ती मुलगी. मला एकदम आनंद झाला. पुस्तकातलं माणूस प्रत्यक्ष भेटणार होतं.

अक्का पासष्टीच्या पुढच्या असतील. उंच, काटक, गळ्यात मोजायची टेप. पुढच्या खोलीत पाच-सहा मुली मशिनवर बसलेल्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, चहा टाकला. भाऊंनी कामाचं सांगितलं. बाबांचं पुस्तक पुन्हा छापायचं आहे, हक्क तुमचा आणि तुमच्या भाच्याचा आहे, तुमची परवानगी हवी. किती प्रती, त्यांचा वाटा किती, तेही सांगितलं.

अक्का म्हणाल्या, "नको."

भाऊंना वाटलं वाटा कमी पडतोय. त्यांनी तो वाढवला.

"पैशाचं नाही हो. मला ते पुस्तक छापलेलं नको आहे. मी नाही म्हटलं तर तुम्हाला छापता येतं का?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं ते सांगितलं. "नाही येत. अजून दहा वर्षं नाही. आणि हा नवा नियम आला नसता, तर तुम्हाला विचारायचीही गरज नव्हती."

"म्हणजे या वर्षी कुणीही छापलं असतं?"

"हो."

"मग बरं झालं नियम आला."

मी जरा धीर करून विचारलं, का नको? इतकं छान पुस्तक आहे. होडीचं प्रकरण तर माझ्या वडिलांना पाठ आहे.

त्या एवढा वेळ साफ पुस्तकी मराठीत बोलत होत्या. आता अहिराणीवर आल्या. "तेच तर शे ना. तुना बापले पाठ शे, मना सासरासले पाठ व्हतं, बठ्ठा गावले पाठ व्हतं. पुस्तक मना बापनं शे, पन रडनं मनं शे."

पुस्तक बापाचं, पण त्यातलं रडणं त्यांचं. मग मला पुस्तकाबाहेरचं कळलं. शाळेत मुलं तिला पाहून भोकाड पसरायची. लग्नात नवरीकडे बोट दाखवून पाहुणे म्हणाले, हीच का ती, नदीला घाबरलेली? सासरी घागर घेऊन निघाली की सासरे विचारायचे, बैल बांधून ठेवू का? धडा शाळेच्या पुस्तकातून निघाला, नवी माणसं आली, तेव्हा कुठं हे थांबलं. त्यांनी स्वतः ते प्रकरण कधीही वाचलेलं नव्हतं, शाळेतही धड्याची पानं उलटूनच टाकली होती. लोकांच्या तोंडूनच त्यांना ते ठाऊक होतं.

निघताना त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कॉलेजात शिकवता ना? मग मला सांगा, हे घर माझ्या नावावर आहे. त्याला पन्नास वर्षं नाहीत की साठ नाहीत. बापाच्या पुस्तकाला कशाला मुदत?"

मी म्हटलं, घरात एक जण राहिला की दुसऱ्याला राहता येत नाही. गोष्ट दुसऱ्यानं सांगितली तरी आपल्याकडची कमी होत नाही.

"कमी नाही होत, वाढते," त्या म्हणाल्या. "हसणारी माणसं वाढतात."

परतीची बस पारोळ्यापर्यंत आली. मी खिडकीतून कापसाची रिकामी शेतं बघत होते. माझ्या फळ्यावरच्या गणितात ही दहा वर्षं शून्य होती. मास्तरच्या बाजूनं ती अजूनही शून्यच होती, त्यासाठी तो एक ओळही जास्त लिहिणार नव्हता. पण इथं एका बाईला ती वर्षं तिच्या उरलेल्या आयुष्याएवढी होती आणि त्यांचा पैशाशी काही संबंध नव्हता. हे कुठल्या रकान्यात धरायचं, मला समजेना. उलट बाजूही डोळ्यांसमोर होती. एका माणसाला नको, म्हणून माझ्या वडिलांनी ते पुस्तक कधीच बघायचं नाही का?

भाऊंनी शिसं मोडलं. मार्चपर्यंत त्याच खिळ्यांतून गाइड निघालं.

मला मात्र राहवेना. परवानगीसाठी नव्हे, तापीकाठच्या त्या झोपडीत तीन-चार दिवस काय झालं, हे मला जाणून घ्यायचं होतं. पुस्तकात त्यावर एक ओळसुद्धा नाही, कारण लिहिणारा तेव्हा पलीकडच्या डोंगरात होता. एका रविवारी मी एकटीच धुळ्याला गेले.

अक्कांनी मला ओळखलं. "परत आलीस? पुस्तक आणलंय का?"

ते पिशवीत होतं. आपण होऊन काढायचं नाही असं मी ठरवलं होतं.

"वाच बरं. होडीचंच वाच. एकदा ऐकून तर घेऊ, बापानं काय लिहिलंय ते."

मी वाचायला लागले. मुलींनी एकेक करत मशिनं थांबवली. बैलांनी दावणी तोडल्या तिथं पहिली मुलगी फिसकन हसली, मग दुसरी, मग सगळ्याच. प्रकरण होतंच तसं. मलाही वाचताना हसू आवरत नव्हतं. अक्का हातातला ब्लाउजचा तुकडा सरळ करत बसल्या होत्या.

"पाह्यं?" त्या मला म्हणाल्या. "बठ्ठ्या हसतस."

मुली चपापल्या. मी पुस्तक मिटलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या मुलीनं, जिला बहुधा हसल्याची लाज वाटली असावी, विचारलं, "पण अक्का, त्या झोपडीत तुम्ही इतके दिवस खाल्लं काय?"

अक्कांनी हातातला तुकडा खाली ठेवला. "मासा," त्या म्हणाल्या.

"अय्या!"

"आमच्या घरी अंडंसुद्धा येत नव्हतं. नावाड्याच्या बायकोनं चुलीत भाजून दिला. काटे तिनंच काढले. मी घरी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते."

आणि मग त्या सांगतच गेल्या. होडीपाशी त्या रडल्या हे खरं. "पन पानीनं भ्याव नव्हतं माले." मास्तर नावाड्याशी बोलताना म्हणाला होता की पोरगी बरोबर असली तर डोंगरात भरभर चालता येत नाही. ते तिनं ऐकलं. बाप आपल्याला टाकून जाणार हे तिला आधी कळलं, आणि म्हणून ती रडली. दुसऱ्या दिवशी नावाड्याची बायको तिला पाण्यात घेऊन गेली, पोटाखाली हात धरून तरंगायला शिकवलं. तिला तिथं इतकं बरं वाटलं, की बाप परत आला तेव्हा ती उपड्या होडीखाली जाऊन लपली. बाहेर ओढून काढली तेव्हा ती पुन्हा रडली, घरी जायचं नाही म्हणून.

"मग ते गळ्याला बिलगली, ते?" मी विचारलं.

"कोण बिलगलं?" अक्का म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. "त्यासले तसं दिसनं व्हई."

मशिनं त्या दुपारी पुन्हा सुरू झालीच नाहीत. मी निघायला उठले तेव्हा अक्कांनी हात धरून मला बसवलं. हे सगळं कागदावर येऊ शकतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहून घेते.

पुढचे बरेच रविवार मी धुळ्याला जात होते. त्या सांगत आणि मी लिहीत असे. मग वाचून दाखवलं की त्या म्हणत, हे माझ्या तोंडचं नाही, कॉलेजचं आहे, खोड. शेवटी मोजकी पानं तयार झाली. तेव्हा अक्कांनी स्वतःहून अट घातली. बापाचं पुस्तक छापा, पण माझी पानं शेवटी परिशिष्ट म्हणून नकोत. होडीचं प्रकरण संपलं की लगेच माझी पानं. मधे कोरं पानसुद्धा नको.

भाऊ आधी कुरकुरले. मेलेल्या माणसाच्या पुस्तकात मधेच दुसऱ्याचं घुसवलेलं बरं दिसतं का? मग त्यांनी ती पानं वाचली आणि पुन्हा कागद आणला. पाचोऱ्याच्या भाच्यानं तर उभ्या उभ्या सही केली. तो म्हणाला, "मला वाटलं हे कधीच सुटलं असेल. आमचा हक्क आहे हेच आज कळतंय."

प्रुफं घेऊन गेले तेव्हा अक्कांनी विचारलं, "माझ्या पानांवर आता हक्क कुणाचा?"

"तुमचाच."

"कधीपर्यंत?"

"तुम्ही आहात तोवर. आणि त्यापुढं साठ वर्षं."

त्या हसायलाच लागल्या. "साठ वर्षं कोण सांभाळणार? मला ना पोर ना बाळ. भाच्याकडे जाईल, मग त्याच्या पोरांकडे. कुणाला छापावंसं वाटलं, तर त्यानं पाचोरा-भुसावळ हिंडायचं का? मी जिवंत आहे तोवर मला विचारा. मी गेल्यावर ज्याला पाहिजे त्यानं छापावं."

भाऊंच्या वकिलानं ते कायद्याच्या भाषेत लिहून दिलं. अक्कांना त्यातलं एकही वाक्य कळेना, म्हणून त्यांच्या शब्दांतली एक ओळ त्यांच्या पानांच्या खाली छापायची असं ठरलं. कायद्याचा कागद वेगळा झाला आणि त्यावर त्यांनी सही केली. भाऊंना त्यात आपलं नुकसान दिसत होतं, तरी ते एवढंच म्हणाले, "पहिली आवृत्ती तर माझी आहे. गाइडासारखंच समजायचं, पुढे कोण नेतो?"

पुस्तक निघालं. हातोहात खपलं असं म्हणणार नाही, पण दोन वर्षांत संपलं. माझ्या वडिलांनी होडीचं प्रकरण वाचलं, मग अक्कांची पानं वाचली, आणि त्यानंतर ती वाक्यं म्हणून दाखवायचं सोडलं. त्यांना मी कारण विचारलं नाही. धुळ्यात काही लोकांनी अक्कांना विचारलं, मासा खरंच खाल्ला? त्या सांगायच्या, दोन खाल्ले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी अक्का गेल्या. पुढच्याच वर्षी चोपड्याकडच्या एका शाळेच्या अंकात त्यांची पानं छापून आली, एका विद्यार्थ्यानं काढलेल्या होडीच्या चित्रासकट. कुणाची परवानगी लागणार नव्हतीच. फक्त माशाच्या जागी शाळेनं पिठलं केलं होतं. भाऊ तो अंक घेऊन माझ्या घरी आले, संतापलेले. मीही वाईट वाटून घेतलं. मोकळं सोडलं की असंही होणार, याचा विचार आम्हा तिघांपैकी कुणीच केला नव्हता. भाऊंनी त्या शाळेच्या वाचनालयाला मूळ पुस्तकाची एक प्रत भेट पाठवली. पोचल्याचं कळलं नाही. ते चित्र मात्र चांगलं होतं. मुलगी होडीखाली आणि बाहेर फक्त तिचे पाय.

भाऊंमध्ये एक बदल झाला होता. त्यांनी थांबणं सोडलं होतं. जुनं पुस्तक हाती लागलं की वर्षं मोजत न बसता ते वारस शोधायला निघायचे आणि सवड असली तर मलाही न्यायचे. काही घरांत लोक आनंदले, एका घरात दोन भावांचं भांडण आमच्यासमोरच लागलं, आणि आम्ही चहा न घेताच उठलो.

एक पुस्तक मात्र मार्गी लागेना. खानदेशातल्या जुन्या बाजारांवरचं, गिरणाकाठच्या कुणा माणसानं लिहिलेलं. तो कधी वारला हेच कुणाला माहीत नव्हतं. मृत्यूचं वर्षच सापडेना, तर पन्नास काय आणि साठ काय, मोजायचं कुठून? ते पुस्तक बांधलेलंही नव्हतं आणि मोकळंही नव्हतं. भडगावात माझ्या वडिलांच्या वयाच्या एकानं सांगितलं की त्या माणसाची मुलगी सुरतेला दिली होती. मी ते दुकानात येऊन सांगितलं.

भाऊंनी पुस्तक पुसून काउंटरवर ठेवलं. "सुरतेला तुमच्या ओळखीचं कुणी आहे का, मॅडम?"

मी म्हटलं, माझी एक मैत्रीण आहे, पण लग्नानंतर तिचं आडनाव काय झालं ते आधी विचारावं लागेल.